एका बैठकीतल्या कादंबऱ्या

‘आतून आलंय, त्याला हात लावणार नाही.’ नवी कादंबरी लिहिलेला माणूस हे वाक्य ज्या अभिमानानं उच्चारतो, तो अभिमान मला आताशा सहन होत नाही. संमेलनातल्या ग्रंथदालनात, नवलेखकांच्या शिबिरात, प्रकाशन समारंभाच्या मंचावर, जिकडे जावं तिकडे हेच. लेखक सांगतो की कादंबरी दीड महिन्यात हातावेगळी झाली. अध्यक्ष सांगतात, म्हणूनच ती इतकी अस्सल उतरली आहे. श्रोते टाळ्या वाजवतात. पुस्तक घरी नेऊन उघडावं, तर तिसऱ्या पानावर नायकाच्या आईचं नाव सुमन असतं आणि एकशे सत्तराव्या पानावर तीच बाई सुशीला झालेली असते. तेवढ्या काळात तिचं दुसरं लग्न झाल्याचा उल्लेख कुठं सापडत नाही.

हे मत नुसतं थट्टेवारी नेण्याजोगं नाही, कारण ते मानणारे पुष्कळ आहेत. तेव्हा आधी ते त्याच्या पूर्ण रुबाबात मांडू. लेखन ही देणगी आहे. ती असते किंवा नसते. असली तर कादंबरी आपोआप उतरते, नसली तर शिकून काही होत नाही. पहिल्या झटक्यात जे उतरतं ते हृदयातून येतं. पुढची दुरुस्ती डोक्यातून होते, आणि डोकं खोटारडं असतं. संपादक म्हणजे स्वतःला लिहिता न आल्याचा सूड दुसऱ्याच्या मजकुरावर उगवणारा माणूस. प्रकाशक म्हणजे कंपू. म्हणून लिहावं, टाइप करावं, छापावं आणि थेट वाचकाच्या हाती द्यावं. बाकी काळ ठरवेल.

हा काळ मोठा सोयीचा गृहस्थ आहे. निकाल त्याच्यावर सोपवला की आजच्या वाचकाला उत्तर द्यायला नको.

या पंथाचे दोन ठरलेले साक्षीदार आहेत, ‘श्यामची आई’ आणि ‘कोसला’. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत पुस्तक लिहून काढलं. भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ मध्ये खानदेशातल्या सांगवीला, आपल्या गावी बसून पंधरा-वीस दिवसांत ‘कोसला’ लिहिली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती त्याच वर्षी काढली. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग झालंच की! त्यांना पाच दिवस पुरले, तर आपले पंचेचाळीस म्हणजे चैनच म्हणायची.

पण साक्षीदाराची उलटतपासणीही घ्यायची असते. गुरुजी १९३३ मध्ये पहिल्यांदाच लेखणी हातात धरून बसले होते का? अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते, तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक ते चालवत. मासिक नव्हे, दैनिक! रोज लिहायचं आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलं रोज समोर. कुठं त्यांचं लक्ष उडतं, कुठं डोळे भरून येतात, हे ज्याला रोज बघायला मिळतं त्याला वेगळ्या शिबिराची गरज काय? ‘श्यामची आई’ प्रकरणांत नव्हे, रात्रींत विभागली आहे आणि श्याम मित्रांना गोष्ट सांगतो आहे. सांगण्याचा सराव असलेल्या माणसाची ती बांधणी आहे. पाच दिवस कागदावर उतरवायला लागले. मुरायला किती वर्षं लागली, तो आकडा भाषणात येत नाही, कारण त्याला टाळी पडत नाही.

‘कोसला’ तर नुसती चाळली तरी पुरे. त्यात डायरीची पानं आहेत, वसतिगृहातल्या बोलण्याची अचूक पकड आहे, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आल्यावर वाक्याची सगळी चालच बदलते. हे भान पंधरा दिवसांत येत नाही. लिहिणारा पंचविशीचा होता, पण तोवर तो अफाट वाचून, कविता लिहून, लघुअनियतकालिकांच्या मंडळींत वाद घालून बसलेला होता. आणि ‘कोसला’चा दाखला देणारे नेमाड्यांचीच ‘हिंदू’ का विसरतात? तिच्या आधीची ‘झूल’ आली १९७९ मध्ये आणि ‘हिंदू’ २०१० मध्ये. मध्ये एकतीस वर्षं गेली. त्या वर्षांत त्यांनी अध्यापन केलं, टीका लिहिली, भांडणं केली. सगळा वेळ कादंबरीलाच दिला असं कोणी म्हणणार नाही. पण पंधरा-वीस दिवसांत लिहिणारा लेखक तोच आणि एकतीस वर्षं थांबणाराही तोच. नव्या लेखकाला यातलं पहिलं तेवढं पटकन आठवतं, यात काही नवल नाही.

साता समुद्रापलीकडचा साक्षीदारही असाच फितूर होतो. जॅक केरुआकनं १९५१ मध्ये तीन आठवड्यांत, जोडलेल्या कागदांच्या लांबच लांब गुंडाळीवर ‘ऑन द रोड’ बडवली, ही कथा इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पुस्तक बाहेर आलं १९५७ मध्ये. त्याआधीची काही वर्षं तो याच प्रवासांच्या वह्या भरत होता, याच कादंबरीचे फसलेले आरंभ करत होता. आणि गुंडाळीनंतर छापण्यापर्यंत मजकुरावर पुन्हा हात फिरला. पण वह्यांची आख्यायिका होत नाही, गुंडाळीची होते.

कोणी म्हणेल, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून क्रमशः कादंबऱ्या चालवल्या, प्रकरण लिहिलं की छापायला. त्यांनी कुठं पुनर्लेखन केलं? एक तर ‘करमणूक’चे संपादक हरिभाऊ स्वतःच होते. दुसरं म्हणजे त्या घाईची किंमत त्यांच्या कादंबऱ्यांत दिसते. पाल्हाळाची तक्रार त्यांच्या चाहत्या टीकाकारांनीही केली आहे आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’ टिकली ती घाईमुळे नव्हे. यमूचा आवाज शेवटपर्यंत ढळत नाही, म्हणून टिकली. तुमच्या नायिकेचा आवाज दुसऱ्या प्रकरणापर्यंत तरी टिकतो का, ते पाहा आणि मग हरिभाऊंचं नाव घ्या.

आता ‘दुरुस्तीनं जीव जातो’ या लाडक्या दाव्याकडे वळू. दुरुस्ती म्हणजे काय, याबद्दलच घोटाळा आहे. बहुतेकांना वाटतं, दुरुस्ती म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणं आणि ‘सुंदर’च्या जागी ‘मनोहर’ घालणं. तसं असेल तर जीव जातोच. त्याला माझी हरकत नाही. पण पुनर्लेखन वेगळं असतं. शेतकऱ्यावरच्या कादंबऱ्यांच्या पहिल्या खर्ड्यात ज्या तऱ्हेचा मजकूर हमखास असतो, तो इथं बेतून दाखवतो:

‘सखाराम अत्यंत दुःखी अंतःकरणानं, जड पावलांनी येऊन बांधावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. आता आपलं कसं होणार, या विचारानं त्याच्या काळजात चर्रर्र झालं.’

यात सखाराम कुठं आहे? अंतःकरण, पावलं, डोळे, काळीज असे अवयव तेवढे आहेत आणि सगळे उसने. हीच जागा लेखकानं थांबून, या माणसाच्या खिशात आत्ता काय असेल, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारून पुन्हा लिहिली तर?

‘सखाराम बांधावर बसला. खिशातली हिशोबपट्टी काढून त्यानं बेरीज पुन्हा केली. हमाली, तोलाई, मोटारभाडं. आकडा तोच आला. मग त्यानं पट्टी उलटी करून पाहिली.’

भावना कमी झाली का वाढली? ‘दुःखी’ हा शब्द गेला आणि दुःख आलं. पट्टीच्या कोऱ्या बाजूला काही लिहिलेलं नाही, हे सखारामला ठाऊक आहे, तरी तो बघतो. हे पहिल्या झटक्यात सुचत नाही, कारण पहिल्या झटक्यात आपल्या मनात येतं ते आपलं नसतंच. आपण वाचलेल्या, ऐकलेल्या, मालिकांत पाहिलेल्या शंभर दृश्यांचा तो गाळ असतो. ‘आतून आलं’ म्हणता ते बहुतेक वेळा बाहेरूनच आत गेलेलं असतं. ते उपसून झाल्यावर खाली स्वतःचं पाणी लागतं. उत्स्फूर्ततेचे भक्त गाळालाच तीर्थ समजून ओंजळ पुढं करतात.

आणि वाक्यं हा तर दुरुस्तीचा शेवटचा टप्पा. त्याआधी कादंबरीचा सांगाडा बघायचा असतो आणि तिथं कोणी फिरकतच नाही. मराठी नवकादंबरीची पहिली चाळीस पानं मी डोळे मिटून सांगू शकतो. गाव कुठल्या नदीकाठी आहे, नदीला पूर्वी कसं पाणी असे, वेशीवरचा मारुती, मग वाडा, मग आजोबांचा स्वभाव, मग नायकाचा जन्म, तोही बहुधा पावसात. गोष्ट एकेचाळिसाव्या पानावर सुरू होते; ज्या दिवशी नायक शहरात पाय ठेवतो किंवा बाप कर्ज काढतो त्या दिवशी. लेखकाला ही चाळीस पानं लिहिणं आवश्यक होतं, मान्य. गाव त्याला दिसायला हवं होतं. पण वाचकानं ती का वाचावीत? आपली माहिती गोळा करून झाली की ती वही घरी ठेवायची असते. हे सांगितलं की उत्तर मिळतं, ‘पण ते सगळं खरं घडलेलं आहे.’ अहो, खरं घडलेलं तर तलाठ्याच्या दप्तरातही असतं.

या कामाला प्रतिभा लागत नाही, बैठक लागते. खर्डा काही महिने बाजूला ठेवायचा, इतका की आपलीच वाक्यं परकी वाटावीत. मग प्रत्येक प्रकरणापुढं एक ओळ लिहायची की इथं काय बदलतं. काहीच बदलत नसेल तर ते प्रकरण कितीही देखणं असो, जायला हवं. कागदावर सनावळी मांडायची, म्हणजे १९८५ मधला नायक मोबाइलवर बोलत नाही आणि मुलगी आईपेक्षा अकरा वर्षांनीच लहान निघत नाही. आणि सगळं मोठ्यानं वाचायचं. फ्लोबेर आपली वाक्यं अक्षरशः ओरडून म्हणून पाहायचा. ‘मादाम बोव्हारी’ला त्याची जवळपास पाच वर्षं गेली. आपल्याकडे तर कीर्तनापासून शाहिरीपर्यंत कानानं पारखण्याची चाल आहे. तरी संवाद मनातल्या मनात वाचून छापायला देतात आणि मग शाळकरी पोरगी ‘तथापि’ म्हणते.

आता संपादक. लेखकाच्या सृष्टीत हा परका कोण ढवळाढवळ करणारा, असा सवाल असतो. याचं एक उत्तर दुकानात विकत मिळतं. हार्पर लीनं १९५७ मध्ये लिपिनकॉट या प्रकाशनाकडे एक कादंबरी दिली. टे होहॉफ या संपादक बाईंनी ती घेतली आणि लीकडून दोन वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा लिहून घेतली. मूळ खर्ड्यात मोठी झालेली मुलगी गावी परत येते आणि लहानपण तिला अधूनमधून आठवतं. अखेरच्या पुस्तकात ते लहानपणच कादंबरी झालं. १९६० मध्ये आलेली ही ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. एरवी असे खर्डे माळ्यावर नाहीतर रद्दीत जातात. हा वाचला आणि २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ नावानं छापलाही गेला. ज्याला पहिल्या खर्ड्याची थोरवी गायची आहे, त्यानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. लेखक तीच, गाव तेच, बाप तोच. मधला फरक म्हणजे पुनर्लेखन.

आपल्याकडेही हे नवं नाही. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन यांनी लेखकांशी एकेका कथेवरून केलेला पत्रव्यवहार हा मराठी साहित्याच्या घडणीचा भाग आहे. इथं लगेच पुढचा आक्षेप येतो, आणि या सगळ्या वादात दम असलेला हाच एक: संपादन म्हणजे पांढरपेशा प्रमाण मराठीची दादागिरी. गावाकडच्या, दलित, आदिवासी लेखकाची बोली धुऊन इस्त्री करायची आणि त्याला कलात्मकता म्हणायचं. ‘सत्यकथे’ची १९६९ मध्ये होळी झाली ती उगाच नव्हे.

नव्हेच. ज्या संपादकाला बोली ही चूक वाटते, तो संपादक नालायक आहे. त्याच्या हातून हस्तलिखित काढून घ्यावं. पण होळी करणाऱ्यांचं नाव घेताना त्यांचं काम तरी पाहा. राजा ढाले यांनी ‘येरू’, ‘चक्रवर्ती’, ‘तापसी’ अशी नियतकालिकं काढली. संपादक नको म्हणून ते घरी बसले नाहीत, स्वतः संपादक झाले. त्यांचं भांडण कोणाच्या निकषांनी मजकूर जोखायचा याचं होतं. मजकूर जोखूच नका, असं त्यांनी कधी म्हटलं? आणि बोलीत लिहिणाऱ्याला तर मेहनत दुप्पट. आजी बाराव्या पानावर ‘व्हतं’ म्हणते आणि चाळिसाव्या पानावर ‘होतं’, तेव्हा तिची बोली कुठल्या पुणेरी संपादकानं मारलेली नसते. लेखकानंच आळसानं मारलेली असते. निवेदन प्रमाण भाषेत ठेवायचं की बोलीत, कोणत्या पात्राची भाषा शहरात गेल्यावर बदलते आणि केव्हा, हे निर्णय पहिल्या खर्ड्यात होतच नाहीत. बोलीचा कैवार घ्यायचा आणि तिची बारकाई मुद्रितशोधकावर सोडायची, याला कैवार कसं म्हणावं?

मग एवढं उघड असूनही हे मत इतकं फोफावतं कसं? कारण त्यावर धंदा चालतो. लेखक जितका घाईत, तितकं ‘पॅकेज’ लवकर खपतं. ‘हस्तलिखित द्या, महिन्यात पुस्तक घ्या’ अशा जाहिराती करणाऱ्यांना तुमची उत्स्फूर्तता फार आवडते. ती संपादनाचा खर्च वाचवते. पैसे लेखकाचे, प्रती लेखकाच्या घरी, पलंगाखाली. आणि प्रकाशक म्हणून नाव दुसऱ्याचं. स्वतः पैसे घालून छापणं हा गुन्हा नाही, पण त्यात काय विकत घेतो आहोत हे तरी बघावं. आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे पैसे लावले तर उठून चालू लागावं. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. प्रताधिकाराची ‘नोंदणी करून देतो’ म्हणाले तर लक्षात ठेवावं की १९५७ च्या कायद्यानं लिहिताक्षणीच तो तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. आणि करार वाचल्याशिवाय सही करू नये. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते. अनुवाद, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, चित्रपट यांचे हक्क एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून उचलून नेले जातात, आणि आतून आलेल्या कादंबरीचा लेखक ती ओळ बाहेरूनसुद्धा वाचत नाही.

‘पण नामांकित प्रकाशक नव्यांना दारात उभं करत नाहीत.’ काही करत नाहीत, खरं आहे. पोच देण्याचंही सौजन्य अनेकांकडे नाही. मग दारं एवढीच आहेत का? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. शेकड्यांनी निघणारे दिवाळी अंक आहेत. तिथं पाऊस पडायच्या सुमारास एखादं स्वयंपूर्ण प्रकरण पाठवून पाहावं. चांगल्या अंकाच्या संपादकानं सुचवलेला एक बदलही पॅकेजवाल्याच्या गुळगुळीत मुखपृष्ठापेक्षा मोलाचा. अर्थात त्यासाठी प्रकरण परत येण्याची तयारी हवी, आणि परत आलेल्या प्रकरणाला ‘कंपूशाही’ हे एकच कारण न चिकटवण्याचीही.

राहिला प्रभावाचा मुद्दा, म्हणजे ‘दुसऱ्यांचं वाचलं तर माझी शैली बिघडते.’ हे म्हणणाऱ्याची शैली मी वाचली आहे. बिघडायला तिथं काही नाही.

तेव्हा, नव्या कादंबरीकारांनो, खर्डा पूर्ण झाला असेल तर मनापासून अभिनंदन. इथवर येणारेही थोडेच. आता तो बंद करा. दिवाळीत संपला असेल तर होळीपर्यंत उघडू नका. मग सगळ्या पानांची प्रत काढा, हातात पेन्सिल घ्या आणि घरच्यांना सोडून दुसऱ्या कुणाला तरी पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा कुठं घड्याळ बघतो, तिथं खूण करा. मग पुन्हा लिहा, जुन्या पानावर खाडाखोड करून नव्हे, कोऱ्या पानावर. एवढं करूनही नदी, वेस, वाडा आणि पावसातला जन्म यांतलं काहीच गाळायची हिंमत झाली नाही, तर पुस्तक खुशाल छापा. फक्त प्रकाशन समारंभाला अध्यक्ष म्हणून मला बोलावू नका.